‘शाला’ आणि शाळा

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात कर्जत आणि नेरळ स्टेशनांबाहेर शेवळं विकायला येतात. ठाकर-कातकरी बायका डोंगरातून खुडून आणलेल्या जुड्या पोत्यावर मांडून बसतात आणि जुडीबरोबर मूठभर काकडं देतात. मुंबईचं गिऱ्हाईक कधी कधी ती हिरवी आंबट फळं नको म्हणतं. मग बाई बजावते, काकडाशिवाय शिजवलंत तर घसा खाजेल.

एका वर्षी वरच्या वर्गाला मी आम्ल आणि आम्लारी शिकवत होते. लिटमस कागदाच्या चारच पट्ट्या उरल्या होत्या, त्या जपून वापरत होते. मागच्या रांगेतल्या एका कातकरी मुलीनं विचारलं, “बाई, शेवळाची खाज काकडानं मरते, ती अशीच मरते का?” मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, आधी फळ्यावरचं उतरवून घे. तिनं उतरवून घेतलं आणि त्या वर्षात पुन्हा प्रश्न विचारला नाही. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात आणि आंबटानं त्यांचा जोर कमी होतो, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. तोवर ती आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेली होती.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांतल्या काही शिक्षकांनी मिळून लिहिलेल्या या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा मला पहिल्यांदा ती मुलगी आठवली. शाळेनं काय शिकवावं हा वाद आपल्याकडे मोठ्या आवाजात चालतो. तो मुंबईत विधिमंडळात चालतो, पुण्यात बालभारतीच्या दारात चालतो, वाहिन्यांवर चालतो. ज्या मुलांसाठी तो चालतो, त्यांच्या तोंडात कोणती भाषा आहे आणि हातात कोणतं ज्ञान आहे, याची चौकशी त्यात फार थोडे लोक करतात. या क्षेत्रात नव्यानं पाऊल टाकणाऱ्या वाचकाला, विशेषतः नव्यानं नेमणूक झालेल्या शिक्षकाला, हा वाद कुठून आला आणि कुठे येऊन पोहोचला ते कळावं म्हणून हे थोडं विस्तारानं लिहिते आहे.

महाराष्ट्रात या वादाची सुरुवात १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनापासून धरावी, असं मला वाटतं. ते निवेदन सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी ओळखलं जातं. पण शाळेत नेमकं काय शिकवायचं हेही त्यांनी त्यात सांगितलं होतं, याकडे कमी लक्ष जातं. मोडी आणि बालबोध लिहिता-वाचता यावं, हिशेब यावा, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख व्हावी, शेतीचं प्राथमिक ज्ञान मिळावं, नीती आणि आरोग्य यांवरचे काही धडे असावेत, असा तो अभ्यासक्रम. शिक्षकही शक्यतो शेतकरी समाजातून यावेत असं त्यांचं म्हणणं होतं. मोडी का, तर सावकाराचे आणि कचेरीचे कागद मोडीत असत. ज्या लिपीत आपली जमीन जाते ती लिपी वाचता आली पाहिजे, असा या मागणीचा अर्थ मी घेते. जिथे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जमिनीचे तुकडे फार्महाऊससाठी विकले गेले त्या कर्जत तालुक्यात हा मुद्दा आजही जिवंत आहे. सातबारा आणि साठेखत वाचायला आपण दहावीपर्यंत कोणत्या विषयात शिकवतो?

पुढचा मोठा विचार गांधीजींचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि झाकिर हुसेन समितीनं त्यातून नई तालीमचा आराखडा तयार केला. हातानं करायचा एखादा उद्योग मध्यभागी ठेवायचा आणि गणित, विज्ञान, भाषा त्याच्या आधारानं शिकवायची, अशी ती कल्पना. मी तिच्या बाजूची आहे, पण अर्ध्या मनानं. कारण तीच कल्पना थोडी वळवली की काय होतं ते मद्रास राज्यात दिसलं. १९५३ मध्ये राजगोपालाचारींच्या सरकारनं मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि उरलेला वेळ आईबापाचा धंदा शिकण्यात घालवावा अशी योजना आणली. म्हणजे कुंभाराच्या मुलानं मडकी करावीत आणि न्हाव्याच्या मुलानं वस्तरा धरावा. पेरियार आणि द्रविड चळवळीनं तिला जातीचं शिक्षण म्हणून कडवा विरोध केला. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी ती योजना रद्द केली.

हे उदाहरण लांबचं वाटेल, पण आमच्या शिक्षकांच्या बैठकांत ते वारंवार निघालं. स्थानिक ज्ञान शाळेत आणा असं म्हणणारे आम्ही, आणि ‘आमच्या पोरांना पुन्हा रानातच धाडताय का?’ असं विचारणारे पालक, यांच्यात हीच दरी आहे. पालकांचा प्रश्न खरा आहे. नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षण आहे. खालापूर-कर्जतच्या रिसॉर्टांना माळी, वाढपी, पहारेकरी लागतात. व्यवसाय शिक्षणाचा अर्थ आपण इथे हाच लावणार असू, तर पेरियारांचा आक्षेप आपल्यालाही लागू आहे. शेवळाच्या भाजीतून रसायनशास्त्राकडे जायचं असतं. शेवळापाशीच थांबवायचं असेल, तर तेवढं त्या कातकरी मुलीची आई शिकवतेच, त्यासाठी शाळा लागत नाही.

तिसरी परंपरा आमच्या सर्वांत जवळची, बालशिक्षणाची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांबरोबर जे काम केलं, त्यातून अंगणवाडीची कल्पना देशभर गेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाकडे जावं, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरवली. डहाणू तालुक्यातल्या ऐन्याला ग्राममंगल आणि वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट या संस्थांनी हाच धागा पुढे नेला. या पुस्तकातल्या अनेक शिक्षकांनी त्या शाळा पाहिल्या आहेत. त्यांच्या लिहिण्यात ते ठिकठिकाणी जाणवेल.

आमच्या कर्जत तालुक्याची स्वतःचीही एक परंपरा आहे. माथेरानला जन्मलेले भाई कोतवाल सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झाले, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. चौकाचौकांत त्यांचं नाव आहे. पण भूमिगत होण्यापूर्वी त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या काढल्या आणि माथेरानच्या परिसरात बेचाळीस स्वयंसेवी शाळा सुरू केल्या, हे सांगणारी मुलं मला फार थोडी भेटली. बंदुकीचा भाग लक्षात राहिला आणि शाळांचा विसरला, यात मुलांचा दोष नाही. इतिहासाचं पुस्तक लढाया मोजायला शिकवतं.

पुस्तकं एका ठिकाणी तयार होऊ लागली ती २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारती स्थापन झाल्यावर. कोठारी आयोगाच्या शिफारशींचा तो काळ. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचेच. सर्वांना समान शाळा, कामाचा अनुभव, परिसराशी नातं अशा त्यांच्या कल्पना होत्या. बालभारतीनं स्वस्त, नेटकी, एकसारखी पुस्तकं गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत पोहोचवली, हे उपकार मी विसरणार नाही. माझ्या शाळेत दुसरं कुठलंच छापील पुस्तक नव्हतं, अशी अनेक वर्षं मी काढली आहेत. पण समान पुस्तकाबरोबर समान मूलही गृहीत धरलं गेलं. कार्यानुभवाच्या तासाला वर्ग झाडून घेणं एवढंच काम उरलं. आणि पुस्तक एकच असल्यामुळे ते कुणाच्या ताब्यात असावं यावर भांडण सुरू झालं.

त्यातली अलीकडची काही भांडणं आठवा. २०१७ मध्ये सातवीच्या इतिहासात मुघलांचा भाग आक्रसला म्हणून वाद झाला. मे २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतला एक श्लोक आणि गीता, मनाचे श्लोक यांच्या पाठांतराचा उल्लेख आला तेव्हा ठिणगी पडली ती आमच्याच जिल्ह्यात, महाडला. जिथे २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत मनुस्मृती जाळली गेली, तिथेच ती पुन्हा जाळण्यात आली. हा वाद खरा आहे आणि मी त्यात तटस्थ नाही. सरकारी शाळेत दलित-आदिवासी मुलांसमोर मनुस्मृतीतलं वचन आदर्श म्हणून ठेवता येणार नाही.

मला मात्र २०१९ चा वाद जास्त शिकवून गेला. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’, ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं संख्यावाचन दिलं गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. पर्यायी पद्धत आहे, जुनी काढलेली नाही, असं त्या समजावून सांगत राहिल्या. महाराष्ट्र मात्र हसत होता, चिडत होता. मराठी बुडाली, असं लोक म्हणत होते. त्या आठवड्यात मी दुसरीच्या वर्गावर एका मुलाला ‘एकोणसत्तर’ लिहायला सांगितलं होतं. त्यानं ७१ लिहिलं. मग थांबला, पुसलं, ७९ लिहिलं. एकोण म्हणजे एक कमी हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सत्तरच्या आधी जायचं की नंतर हे शब्दात ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, “साठ आणि नऊ.” त्यानं लगेच ६९ लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं, एवढं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलंस, अशा नजरेनं. ज्या घरात ‘एकोणसत्तर’ कानावर पडतं त्या घरातल्या मुलाला ही अडचण नसते. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांपैकी बहुतेक त्या घरातले होते.

पाच वर्षांनी पहिलीच्या पुस्तकातल्या ‘जंगलात ठरली मैफल’ या कवितेत हिंदी-इंग्रजी शब्द आले म्हणून पुन्हा गदारोळ झाला. त्या कवितेची बाजू मी घेणार नाही, पण शुद्धतेच्या आग्रहाला माझ्या वर्गात काय चेहरा होता ते सांगायला हवं. आमच्या भागात आगरी, कातकरी, ठाकर बोलींत ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, आगरीत ‘ड’चा ‘र’ होतो. मूल ‘शाला’ म्हणतं, ‘पानी’ म्हणतं, ‘घोरा’ म्हणतं. शुद्धलेखनाच्या वहीत मी त्या प्रत्येक ‘ला’ला लाल शाईनं गोल केला आहे. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत किती गोल केले असतील याचा हिशेब नाही. प्रमाण मराठी मुलांना यायलाच हवी, ती नाकारणं म्हणजे त्यांना कचेरीच्या दाराबाहेर ठेवणं. पण मी ती ज्या रीतीनं दिली, त्यातून मुलांना एवढंच कळलं की आपली आई चुकीचं बोलते.

हे लक्षात ठेवून २०२५ चा त्रिभाषा वाद पाहा. १६ एप्रिलच्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची केली. १७ जूनला शब्द बदलले, ‘सर्वसाधारणपणे’ हिंदी, आणि दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान वीस मुलं हवीत. लोक रस्त्यावर उतरले, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. निर्णय मागे घेतला गेला याचा मला आनंद झाला. पण त्या सगळ्या चर्चेत दोन्ही बाजूंचे लोक एक गोष्ट धरून चालले होते, की महाराष्ट्रातल्या मुलाची पहिली भाषा मराठी. कर्जतच्या कातकरी वाडीवरच्या मुलाची पहिली भाषा कातकरी आहे. मराठी त्याला शाळेत भेटते, म्हणून ती दुसरी. इंग्रजी २००० सालापासून पहिलीतच आहे, ती तिसरी. त्याच्यासाठी हिंदी चौथी होती. ज्या वर्गात एकूण मुलंच अकरा, तिथे ‘किमान वीस मुलं’ ही अट वाचून आमच्या एका शिक्षिकेनं कागद घडी करून हजेरीपटात ठेवून दिला.

घटनेच्या ३५० (क) या कलमात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. २०२० चं राष्ट्रीय धोरणही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक आहे, कोलाम आणि माडिया गोंड या इतर दोन. तिच्या भाषेत पहिलीचं वाचनपुस्तक प्रत्येक वाडीवर पोहोचलं असतं, तर या पुस्तकातल्या निम्म्या लेखांची गरज पडली नसती.

आता इंग्रजीचं. वाडीवरचा बाप मुलाला इंग्रजी माध्यमात घालायला निघतो तेव्हा त्याला मूर्ख ठरवणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. मी तशा बापांशी बोलले आहे. खालापूरच्या कारखान्यात, द्रुतगती मार्गालगतच्या हॉटेलात, खोपोलीच्या कचेरीत तो उभा राहिला आहे आणि कोण खुर्चीवर बसतं, कोण दारात उभं राहतं हे त्यानं पाहिलं आहे. त्याचं निरीक्षण अचूक आहे. त्याला मिळणारी वस्तू मात्र बहुधा खोटी असते, कारण ज्या शाळेत शिक्षकालाच इंग्रजी बोलता येत नाही तिथे मूल दोन्ही भाषांना मुकतं. आधी घरच्या भाषेत वाचायला शिकवा, मराठी भक्कम करा, आणि इंग्रजी खरोखर येणाऱ्या शिक्षकाकडून शिकवा, असं आमच्यातल्या बहुतेकांचं मत आहे. सर्वांचं नाही. सेमी-इंग्रजीच्या बाजूनं लिहिलेला एक लेख या पुस्तकात मुद्दाम ठेवला आहे, आणि तो कच्चा नाही.

भूगोलाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली आणि एका रात्रीत पोरकी झाली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं तेव्हा सांगण्यात आलं. दोनच वर्षांपूर्वी महाडजवळचं तळिये असंच गेलं होतं. इरशाळवाडीनंतरच्या सोमवारी मी ज्या वर्गात गेले तिथे भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखीचा छेद होता, भूकंपलहरी होत्या, परदेशांतली उदाहरणं होती. एका मुलानं विचारलं, “आपला डोंगर पण येईल का?” उतारावरची माती किती पाणी पिते, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं तर काय समजावं, झाडं तिरकी होऊ लागली, जमिनीला भेग पडली तर कुणाला कळवावं, हे सह्याद्रीच्या कुशीतल्या प्रत्येक शाळेत शिकवलं गेलं पाहिजे. त्यासाठी कुणाची अस्मिता दुखावत नाही, कुठला मोर्चा निघत नाही. कदाचित म्हणूनच ते पुस्तकात यायला इतका वेळ लागतो आहे. या पुस्तकातला दरडींवरचा पाठ शिक्षकांनी मुलांबरोबर वाड्यांचे उतार पायांनी मोजून तयार केला आहे.

हे सगळं शिकवायला शाळा उरली पाहिजे, हाही वादाचाच भाग. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांना एकत्र करून समूहशाळा करण्याचा प्रस्ताव आला. हिशेबाच्या वहीत ते शहाणपणाचं दिसतं. पावसाळ्यात ओढा उतरून, डोंगराची वाट चालून सहा वर्षांचं मूल दुसऱ्या गावी कसं जाणार, याचं उत्तर त्या वहीत नसतं. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुलं तर पटावर असूनही वर्गात नसतात. त्यांच्यासाठी अभ्यासक्रम वर्षाच्या कोणत्या महिन्यात काय शिकवावं या क्रमानं बदलावा लागेल. पायाचं वाचन-लेखन पावसाळ्यातच पक्कं व्हायला हवं. आमच्या दोन शिक्षकांनी तसा आराखडा केला आहे आणि तो तीन वर्षं वापरून पाहिला आहे. त्यात काय फसलं तेही त्यांनी लिहिलं आहे. माझ्या मते पुस्तकातला तो सर्वांत मोलाचा भाग.

या पुस्तकात पर्यायी अभ्यासक्रम मिळेल अशी अपेक्षा वाचकानं ठेवू नये. राज्याचं पुस्तक बाजूला सारायचं असंही कुणाचं म्हणणं नाही. कर्जतच्या भातसंशोधन केंद्रानं काढलेली ‘कर्जत-१८४’सारखी भाताची वाणं ज्यांच्या शेतात आहेत त्या मुलांनी बियाण्याचा धडा कसा वाचावा, शेकडेवारी सावकारीच्या उचलीवर कशी शिकवावी, खोपोलीच्या १९१५ सालच्या वीजघराला भेट देऊन ऊर्जेचं रूपांतर कसं समजवावं, असे प्रयत्न इथे आहेत. आहे त्या पुस्तकाला आपल्या मुलाच्या बाजूनं दार पाडण्याचे हे प्रयत्न आहेत. ते जिथे जमले तिथे मुलं बोलू लागली. जिथे जमले नाहीत तिथे शिक्षकांनी तसं सांगितलं आहे. शेवळं आणि काकडांचा प्रयोग मी स्वतः लिहिला आहे, उशिरा का होईना.

छपाईविषयी एक खुलासा. मुलांनी सांगितलेल्या आणि लिहिलेल्या मजकुरावरून आमच्यात बरीच चर्चा झाली. तो प्रमाण मराठीत करावा, की शेजारी अर्थ द्यावा, की आहे तसा ठेवावा. शेवटी आहे तसा ठेवून खाली अर्थ द्यायचं ठरलं. मुद्रितशोधकांनी पहिल्या खेपेला सवयीनं सगळे ‘ल’ ‘ळ’ करून पाठवले होते. आम्ही ती मुद्रितं परत केली आणि एकेक ‘शाला’ हातानं पुन्हा जागेवर बसवला.